आधी कान बघा, मग पुढे व्हा

ठाणे, वाशी, खारघरहून घोडेस्वारी शिकायला येणाऱ्यांचं लक्ष पहिल्या दिवसापासून खोगीर आणि रिकिबीवर (पाय अडकवायच्या कडीवर) असतं. पण लाथ, चावा किंवा पायावर पडलेला खूर या दुखापती जमिनीवर वावरतानाच होतात. त्यामुळे निदान पहिला आठवडा तरी घोड्याच्या हालचाली वाचायला द्या.

घोड्याला सुमारे 350 अंशांतलं दिसतं. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा मात्र दिसत नाही, आणि तिथून अचानक हात आला की तो बुजतो. आधी हाक मारा, डाव्या खांद्याच्या रोखाने तिरकं चाला आणि पहिला हात खांद्यावर ठेवा, तोंडावर नको. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असेल तर त्याला पावलं ऐकू येत नाहीत. तेव्हा मोठ्याने हाक मारायची आणि कान आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं.

एक कान मागे वळलेला असेल तर तो मागचं ऐकतोय, एवढंच. दोन्ही कान मानेला सपाट चिकटले, नाकपुड्यांजवळ सुरकुत्या पडल्या, की मागे सरा. वरातीत दिसणाऱ्या मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, त्यामुळे टोकाऐवजी कानाचं बूड कुठे वळलंय ते बघायचं.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते मागच्या पायाला. खुराचं टोक टेकवून पाय सैल सोडलाय, खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धे मिटलेत, म्हणजे तो विसावलाय. तोच पाय उचललेला, कान सपाट, शेपटीचे फटके आणि पुठ्ठा (मागचा भाग) तुमच्याकडे वळतोय, म्हणजे लाथ येणार. विसावलेला घोडाही दचकून लाथ मारतो, म्हणून हाक कधीच टाळायची नाही. पावसाळ्यात माश्यांमुळेही पाय आपटतात आणि शेपटी हलते, पण तेव्हा चेहरा सैल असतो. माश्या नसताना पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वारंवार कुशीकडे बघतोय, लोळतोय, तर पोटात कळ असू शकते. दाणा थांबवून मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) लगेच सांगा. डॉक्टरांना बोलावण्यात उशीर जिवावर बेतू शकतो.

मागून जायचंच असेल तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला अगदी लगटून जा, नाहीतर तीन-चार मीटर लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट, कारण लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो. दोर हाताला गुंडाळू नका, घड्या करून मुठीत धरा. घोडा उधळला तर वेढा आवळून बोटं जातात. खूर साफ करताना वाका, पण गुडघे टेकून बसू नका. चप्पल-सँडल नको, बंद बूट हवेत.

फटाके किंवा ढोल-ताशा वाजला की मान उंच, अंग ताठ, डोळ्याचं पांढरं दिसू लागतं. अशा वेळी समोर उभं राहून डोकं ओढू नका. खांद्यापाशी राहा, दोर थोडा सैल द्या आणि लहान गोल चालवा.

तबेल्यातल्या कप्प्यात सोडताना घोड्याचं तोंड आधी दाराकडे वळवा, स्वतः दाराशी उभे राहा, मगच मोहरकी (डोक्याला बांधलेला पट्टा) काढा. सुटल्याच्या आनंदात काही घोडे वळतावळता मागचे पाय झाडतात.