कुंडीला पाणी: वार बघून नको, बोट घालून

सांगलीकडची काळी माती कुंडीत भरली आणि रोज ठरल्यासारखं तांब्याभर पाणी घातलं, की मुळं कुजतात. ही माती वरून भेगाळते, आत मात्र ओलीच असते.

म्हणून दोन पेरं बोट खुपसा. माती चिकटली तर आज सुट्टी. कोरडी लागली तर खालच्या भोकातून पाझरेपर्यंत द्या. छोटी कुंडी असेल तर उचलूनच बघा. थोड्या दिवसांत वजनावरून हाताला कळतं, मग बोटही लागत नाही.

दुपारी पानं मरगळली म्हणून तांब्या घेऊन धावू नका. (घरातली वडीलधारी धावतातच!) संध्याकाळी पानांनी उभारी धरली तर तो नुसता उन्हाचा ताप.

फक्त बी पेरलेल्या कुंडीला हे लावू नका. तिथं वरचा थर सुकू देऊ नये.