पूर ओसरल्यावर आधी देव्हारा, मग भजन

गोव्यात म्हादई किंवा वाळवंटी नदीचे पाणी घरात शिरले की चिखल देव्हाऱ्यालाही सोडत नाही. मदतीला आलेले लोक गाद्या-भांड्यांची चौकशी करतात; घरातली म्हातारी मात्र चिखलात देव शोधत असते. देवस्थान समितीने आणि भजनी मंडळाने सुरुवात तिथूनच करावी.

घरच्यांना विचारल्याशिवाय देवाला हात लावू नका. पितळी मूर्ती आधी साध्या पाण्याने धुवा, मग चिंचेने किंवा भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासा. चांदीला मऊ कापडच बरे. लाकडी देव्हारा चिखल ओला असतानाच धुवून वाऱ्यावर, सावलीत वाळवा. जुलैत ऊन कुठले, म्हणून तो चुलीजवळ ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास लाकूड तडकते. भिजलेल्या पोथीला दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळणार नसेल तर पोथी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने पंख्याखाली वाळवा. चिकटलेली पाने ओढू नका. काचेला चिकटलेली तसबीर काचेसकट जपा. भंगलेल्या मूर्तीचे काय करायचे ते घरचे ठरवतील. ती कचऱ्याच्या ट्रकमध्ये जाता कामा नये. शेजारी ख्रिस्ती घर असेल तर तिथला आल्तारही (घरातली वेदी) याच काळजीने साफ करावा.

पहिल्या आठवड्यातच भजनाची वेळ बांधा: संध्याकाळी 7 ते 8, देवळाच्या सभामंडपात, रोज. विस्कटलेल्या दिवसाला त्याने एक खुंटी मिळते. पहिली दहा मिनिटे कामाची: कोणाचा पंचनामा राहिला, कोणाच्या घरी पिण्याचे पाणी नाही, कोण आज आला नाही. एकाने वहीत लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्याचे काय झाले ते सांगावे. मग अभंग. गप्प बसलेल्याच्या हातात टाळ द्या, पण त्याला ‘काय झालं ते सांग’ म्हणून खोदू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011ची पुस्तिका हेच सांगते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, अनुभव सांगायची सक्ती नको.

वास्कोचा दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या संकटातून सुरू झाला असे सांगतात. त्यातले 24 तासांचे अखंड भजन पाळ्यांवर चालते. कोणी कधी बसायचे हे ठरलेले असते, म्हणून खंड पडत नाही. गावातही पाळ्या लावा, नाहीतर सगळा भार चार उत्साही माणसांवर पडतो आणि पंधरवड्यात मंडळ मोडते.

सगळ्यात जास्त नुकसान एका वाक्याने होते: ‘देवाचा कोप झाला.’ केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनात दिसते की संकटाला शिक्षा मानणाऱ्यांचा त्रास वाढतो, तर देव पाठीशी आहे असे वाटणाऱ्यांना सावरणे सोपे जाते. म्हणून गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या सामूहिक मागण्यात, रक्षण मागा, कोणाची चूक काढू नका. दोषी शोधण्यासाठी देवाला कौल लावणे तर मुळीच नको. कोणी स्वतःच ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणाला तर वाद घालू नका, ऐकून घ्या. आणि धान्याची पिशवी भजनाला येणाऱ्यालाच देणे ही शुद्ध लबाडी आहे.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घर पडलेल्यांना धास्ती लागते: पिढ्यांची पूजा खंडित होणार? गोव्यात काही घराण्यांत आजही कागदावरच्या चित्राची किंवा पत्रीची पूजा होते. पोर्तुगीज बंदीच्या काळातली ती रीत मानतात. भटजींनी हे आधीच घरोघरी सांगावे. दीड दिवस, शेजारच्या ओटीवर, गणपतीवर टांगायची रानफळा-फुलांची छोटी माटोळी, एवढे पुरते. माटोळीचे सामान रानातून आणायला पोरांना एकत्र पाठवा.

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, दारू वाढली, किंवा ‘जगून काय करू’ अशी भाषा ऐकू आली, तर भजन पुरणार नाही. मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबूच नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर सभामंडपात फळ्यावर लिहा. नंबर देऊन मोकळे होऊ नका: फोन लागेपर्यंत शेजारी बसा, आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचे ठरले तर मंडळातला एक जण सोबत जावा.