हसन बसरींवर लिहिताय? या चुका टाळा

हसन बसरी म्हणजे इराकमधल्या बसरा शहरातले सुरुवातीच्या काळातले मोठे मुस्लिम धर्मज्ञ. त्यांचा विषय निघाला की सगळ्यात आधी बसऱ्याच्याच संत राबियाचा किस्सा येतो. हसन पाण्यावर मुसल्ला (नमाजाची चटई) टाकतात आणि म्हणतात ये इथं नमाज पढू, तर ती आपला मुसल्ला थेट हवेत टाकते. मी स्वतः एका भाषणात हा रंगवून सांगितलाय, नंतर एका आजोबांनी बाजूला घेऊन विचारलं, बाळा, तारखा बघितल्यास का? हसन गेले 728 ला, राबिया 801 ला, म्हणजे हसन गेले तेव्हा ती फार तर दहा-चौदा वर्षांची पोर! हे किस्से फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तारच्या 'तजकिरतुल औलिया'तले, म्हणजे जवळपास पाचशे वर्षांनंतरचे. सांगा खुशाल, पण आख्यायिका म्हणून.

तारखांचंच अजून एक, हिजरी सालात सरळ 622 मिळवू नका. 110 हिजरीचे 732 होत नाहीत, 728 होतात, कारण चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असतं आणि शंभर वर्षांत तीनेक वर्षं गळतात.

पैगंबरांचे नातू इमाम हसन वेगळे. आपले हसन 642 चे, मदिनेत जन्मलेले, वडील दक्षिण इराकमधल्या मैसानहून कैद करून आणलेले गुलाम.

आणि 'संन्यासी' नका हो लिहू. तरुणपणी पूर्व इराणच्या मोहिमेत लढलेत, खुरासानच्या सुभेदाराकडे चिटणीस होते, म्हातारपणी बसऱ्याचे काझीही झाले थोडे दिवस. त्यांचं वैराग्य म्हणजे जुह्द, भर बाजारात राहून दुनियेचा लोभ सोडायचा. त्यांना बंडखोर करायचाही मोह होतो, कारण हज्जाजसारख्या जुलमी सुभेदारावर उघड टीका केली आणि 705 ते 714 लपून काढली, पण हज्जाजविरुद्धच्या 701 च्या बंडात लोकांना हत्यार उचलू नका असंच सांगत होते. टीका आणि बंड या दोन वेगळ्या गोष्टी, इथं बरेच जण घसरतात.

'सूफी पंथाचे संस्थापक' पण नको, तेव्हा असा पंथच नव्हता. चिश्ती सिलसिला (गुरुपरंपरा) त्यांच्यामार्फत हजरत अलींपर्यंत जातो हे खरं, आपल्या खुलताबादचे बुरहानुद्दीन गरीब त्याच सिलसिल्यातले, पण अली मदिना सोडून गेले तेव्हा हसन चौदाएक वर्षांचे होते हे ध्यानात असू द्या.

खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेलं म्हणून जे पत्र फिरतं, ते त्यांचंच का यावर अभ्यासकांत वाद आहे, तेव्हा 'असं म्हणतात' हे शब्द खाऊ नका.

त्यांच्या कबरीचा फोटो टाकताना खाली गावाचं नाव 'जुबैर' लिहा. जुनं बसरा तिथंच होतं, आजचं शहर तिथून सरकलंय. शेजारची कबर स्वप्नांचा अर्थ सांगण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इब्न सिरीनची.