गोल्डफिशच्या टाकीतील पाणी वारंवार गढूळ होत असल्यास

पाणी बदलूनही टाकी दोन-तीन दिवसांत पुन्हा गढूळ होत असेल, तर दोष बहुधा जास्तीच्या खाद्याचा आणि नळाखाली धुतलेल्या फिल्टरचा असतो.

१. खाद्याचे दाणे टाकीतल्याच थोड्या पाण्यात मिनिटभर भिजवून, मासे साधारण २ मिनिटांत संपवतील एवढेच द्यावेत. मासा काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो म्हणून तो उपाशी आहे असे समजू नये. पोट भरलेले असतानाही तो तेच करतो.

२. आठवड्यातून एकदा नळीने तळाचा गाळ ओढत सुमारे २५ टक्के पाणी बादलीत काढावे आणि फिल्टरचा स्पंज त्याच बादलीत हलकेच पिळून परत बसवावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे स्पंजमध्ये वाढलेले, विषारी अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू मरतात.

३. नवे पाणी क्लोरीननाशक द्रावण मिसळून, जुन्या पाण्याइतक्याच तापमानाचे झाल्यावर सावकाश ओतावे.

टाकी कितीही अस्वच्छ दिसली, तरी सगळे पाणी एकदम बदलू नये. त्या धक्क्याने धडधाकट मासाही दगावू शकतो.