ऑप्टोमेट्रीला अर्ज करण्यापूर्वी चार दिवस दवाखान्यात बसून पाहावे

पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाला पर्याय शोधू लागतात आणि त्यांत ऑप्टोमेट्रीचे नाव हमखास निघते. वैद्यकीयाच्या मानाने अभ्यासक्रम लहान आहे आणि शस्त्रक्रिया करावी लागत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर पुष्कळदा निर्णय होऊन जातो. या व्यवसायातील माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते.

आधी नावांचा घोळ मिटवला पाहिजे, कारण गावात सगळ्यांनाच ‘डोळ्यांचे डॉक्टर’ म्हणतात. नेत्रतज्ज्ञ एमबीबीएसनंतर नेत्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि शस्त्रक्रिया करतो. ऑप्टिशियन काचा बसवून चष्मा तयार करून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो आणि रोगाची लक्षणे दिसताच रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची स्वतंत्र नोंद आहे. परवानगी मागायला जाल तेव्हा तुम्हाला यांपैकी कोणाचे काम पाहायचे आहे ते स्पष्ट सांगा, नाही तर दिवसभर चष्म्याच्या फ्रेमा पुसत बसण्याची वेळ येईल.

एक-दोन दिवस नेत्र रुग्णालयाच्या ओपीडीत, एक दिवस तपासणीची खोली असलेल्या चष्म्याच्या दुकानात आणि जमल्यास एक दिवस मोतीबिंदू शिबिरात घालवावा. विचारायला दुपारी, गर्दी ओसरल्यावर जावे; सोबत अर्ध्या पानाचा साधा अर्ज न्यावा आणि वडील किंवा काका बरोबर असले तरी बोलणे स्वतः करावे. रुग्णांचे फोटो काढू नयेत, केसपेपर वाचू नयेत आणि एखादी मावशी संकोचलेली दिसली तर न सांगता बाहेर यावे.

ओपीडीचा दिवस तक्रार ऐकण्यापासून सुरू होतो. सहा मीटरवरील तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी तपासतात. खोली लहान असेल तर आरशातून तक्ता दाखवतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’ चारही दिशांना वळवलेला तक्ता असतो आणि रुग्ण बोटांनी दिशा दाखवतो. यंत्राने निघालेला नंबर हा केवळ अंदाज असतो. पुढे रेटिनोस्कोपने डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून आणि तपासणीच्या फ्रेममध्ये काचा बदलून ‘पहिली बरी की दुसरी?’ हा प्रश्न दिवसातून शेकडो वेळा विचारावा लागतो. काही रुग्ण प्रत्येक वेळी ‘दोन्ही सारख्याच’ म्हणतात, काही डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून उत्तर देतात. हे काम पाहताना तुम्हाला कंटाळा येतो की पुढचे उत्तर काय येईल याची उत्सुकता वाटते, याकडे प्रामाणिकपणे लक्ष द्या. माझ्या मते सबंध निर्णय त्यावर ठरतो.

नंबर काढण्याचे खरे कौशल्य आपल्या भागात विशेष दिसते. चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचा चष्मा देताना तो किती अंतरावर काम करतो हे विचारावेच लागते. निपाणीकडची विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन बसते. तिची नजर साधारण चाळीस सेंटिमीटरवर असते आणि त्या अंतरासाठी डोळ्याला अडीच डायॉप्टरची (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचे माप, चष्म्याचा नंबर त्यातच सांगतात) ताकद लागते. वडगाव-शहापूरचा विणकर तुटलेला धागा हाताच्या अंतरावर पाहतो. ते अंतर साठ-सत्तर सेंटिमीटर धरले तर दीड डायॉप्टर पुरते. ही ताकद काही अंशी डोळा स्वतः देतो आणि उरलेली काचेने द्यावी लागते. दोघांचे वय सारखे म्हणून दोघांना एकच नंबर दिला, तर विणकराचा चष्मा आठ दिवसांत फडताळात जातो. तुम्ही ज्यांच्याजवळ बसाल ते हा प्रश्न विचारतात की नाही, हे वहीत टिपून ठेवा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजून आत बसवायच्या भिंगाची ताकद ठरवतात. लांबीच्या मोजमापात एक मिलिमीटर चूक झाली तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे अडीच ते तीन नंबरांचा फरक राहतो. हे मोजमाप अनेक ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्ट करतो, तेही बाहेर बाकावर तीस जण बसलेले असताना. याशिवाय डोळ्याचा दाब मोजणे, बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून रुग्णाला थांबवून ठेवणे, मधुमेही रुग्णांच्या पडद्याचे फोटो घेणे ही कामे चालूच असतात.

दुकानातला दिवस निराळा असतो. तेथे दोन बाहुल्यांमधले अंतर मोजणे, जुन्या काचेचा नंबर यंत्रावर पाहणे आणि ‘नव्या चष्म्याने पायरी वर आल्यासारखी वाटते’ अशा तक्रारींचे कारण शोधणे चालते. कधी तिरका नंबर बदललेला असतो, तर कधी फ्रेम नाकावरून घसरलेली असते. विक्रीचा दबाव असतो आणि तो तुम्हाला मानवेल का, हेही पाहून घ्यावे.

भाषेचा मुद्दा सीमाभागात टाळता येत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही येथे कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्ण रोज तपासावे लागतात. चष्म्याला कन्नडमध्ये ‘कन्नडक’ म्हणतात, हे प्रथम ऐकणाऱ्याला भाषेचेच नाव वाटते. काचांची तुलना रुग्णाच्या भाषेत विचारता आली नाही तर नंबर चुकतो, म्हणून कामापुरते कन्नड आतापासूनच शिकावे.

संध्याकाळी ऑप्टोमेट्रिस्ट मोकळे झाल्यावर पगार सुरुवातीला किती होता, सुट्टी कोणत्या वारी मिळते, पाय आणि पाठ दुखते का, असे साधे प्रश्न विचारावेत.

त्यानंतरच महाविद्यालयांकडे वळावे. अभ्यासक्रम बराच काळ तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा चालत आला आहे, पण नव्या कायद्यानंतर कालावधी आणि पात्रता त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच तपासावी. तेथे शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून दोन गोष्टी विचारा: रेटिनोस्कोप प्रथम हातात कोणत्या वर्षी मिळाला आणि इंटर्नशिपमध्ये दिवसाला किती रुग्ण स्वतः तपासता येतात.