एसएटीसाठी व्होकॅब करताय? मग या चुका टाळा

"शब्द सगळे पाठ आहेत, तरी प्रश्न चुकतो." एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी त्यांची वहीच मागते. वहीत बहुतेक वेळा तेच दिसतं, डावीकडे इंग्लिश शब्द, मधे बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे एकच अर्थ. मेहनत खरी असते, तासन्‌तास बसून केलेली असते, म्हणून तर जीव तुटतो, कारण परीक्षा शब्दाचा अर्थ असा सुटा विचारतच नाही.

पहिली गडबड यादीपासूनच होते. हजारो अवघड शब्दांच्या ज्या याद्या अजून फिरतायत त्यातल्या बऱ्याच जुन्या पेपरसाठी बनलेल्या आहेत. त्या काळी दोन शब्दांचं नातं ओळखा असे अ‍ॅनालॉजीचे प्रश्न असायचे, ते 2005 मध्ये गेले, मग गाळलेल्या जागांचा जुना सेंटेन्स कम्प्लीशन प्रकारही 2016 मध्ये गेला. आता पेपर डिजिटल आहे, अमेरिकेबाहेर 2023 पासून आणि अमेरिकेत 2024 पासून, आणि रीडिंग-रायटिंगच्या प्रत्येक मॉड्यूलच्या (वेगळी वेळ असलेल्या भागाच्या) सुरुवातीलाच छोटा उतारा देऊन तिथे नेमका बसणारा शब्द विचारतात. म्हणजे गाळलेली जागा परत आली, पण आता तिच्याभोवती आख्खा परिच्छेद आहे आणि उत्तर त्या परिच्छेदात दडलेलं असतं. कोणी कधी वापरत नाही असे विचित्र शब्द घोकण्यापेक्षा अभ्यासाच्या लिखाणात सतत भेटणारे शब्द पक्के करा, जसे अंडरमाइन, टेन्युअस, प्रीक्लूड, सब्स्टँशिएट.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणजे ओळखीच्या शब्दाला गृहीत धरणं. समजा उताऱ्यात असं आहे: एका संशोधकाने म्हटलं की हा मासा कळपानेच शिकार करतो, नंतरच्या टीमने तपासलं तर ते खरं निघालं, पण फक्त थंड पाण्यात, म्हणून त्या टीमने मूळ दावा ____ केला. पर्याय आहेत रिफ्यूट (खोडून काढणं), क्वालिफाय, एंडोर्स (पाठिंबा देणं), ओव्हरलुक (दुर्लक्ष करणं). मुलं "पण" दिसला रे दिसला की रिफ्यूट मारतात. क्वालिफायकडे बघतही नाहीत कारण वहीत लिहिलंय "क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं" आणि ते इथे बसत नाही. पण दावा खोडला कुठे? तो खराच आहे, फक्त त्याला एक अट लागली, आणि एखाद्या विधानाला मर्यादा घालणं हाही क्वालिफायचाच अर्थ. असेच फसवे शब्द म्हणजे चेक (आवर घालणं), चँपियन (एखाद्या विचाराची बाजू लढवणं), नॉव्हेल (नवा), अ‍ॅरेस्टिंग (नजर खिळवून ठेवणारं). यांची वेगळी यादी करा, अवघड शब्दांच्याही आधी.

या प्रश्नांसाठी एक सवय लावाच. पर्याय हाताने झाका, उतारा वाचा, आणि रिकाम्या जागी स्वतःचा शब्द टाका, मराठीत आला तरी चालेल. वरच्या उदाहरणात "अट घातली" एवढं मनात आलं की रिफ्यूट आपोआप गळतो.

मराठीवरून आठवलं, अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने लिहू नका. एसोटेरिक बरोबर अ‍ॅबस्ट्रूस असं लिहून काय मिळालं, दोन्ही परके! आणि छटा पकडायला आपली भाषा फार कामी येते. फ्रूगल आणि मायझर्ली दोघांनाही "कमी खर्च करणारा" लिहिलंत तर उत्तर चुकणारच, तेच "काटकसरी" आणि "कंजूष" लिहा, एक कौतुक आणि एक टीका, फरक परत विसरणार नाही. फक्त सारख्या अर्थाचे दहा शब्द एकाच दिवशी करू नका, सगळे एकमेकांत मिसळतात.

मूळ धातू आणि उपसर्ग जरूर शिका पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते आणि अर्थ नेमका उलटा, शक्ती काढून घेणं. इनव्हॅल्युएबलमध्ये इन आहे म्हणून ते बिनकिमतीचं होत नाही, ते अमूल्य असतं.

मग रिव्हिजन. यादी पुन्हा पुन्हा वाचली की सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि ती ओळखच फसवते, कारण उत्तर समोर असताना सगळ्यांनाच येतं. एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ अशी कार्डं करा, शब्दाची बाजू समोर धरा, अर्थ स्वतः आठवा, तोंडाने एक वाक्य बोला, मगच पलटा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने निसटतं, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. अंकीसारखं कार्डांचं अ‍ॅप हे अंतर स्वतः सांभाळतं, पण रोज पन्नास नवी कार्डं घातलीत तर दोन आठवड्यांत उजळणीचा डोंगर होतो आणि मुलं अ‍ॅपच उघडेनाशी होतात. दहा-बारा पुरे.

एवढं करूनही मार्क हलत नसतील तर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा. शब्दच माहीत नव्हता तर "श", शब्द माहीत होता पण हा अर्थ नाही तर "अ", आणि उताराच नीट कळला नाही तर "उ". वीसेक प्रश्नांनंतर मोजा. "उ" जास्त निघाले तर कार्डं बाजूला ठेवा आणि रोज विज्ञानाचा किंवा इतिहासाचा एखादा लेख सावकाश वाचा, तुमचा प्रॉब्लेम व्होकॅबचा नाहीच.

शेवटच्या आठवड्यात नवे शब्द बंद, फक्त "अ"वाले चाळा. रीडिंग-रायटिंगच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये 32 मिनिटांत 27 प्रश्न असतात, म्हणजे एकाला साधारण सत्तर सेकंद, तेव्हा एका शब्दावर अडून बसू नका, प्रश्न मार्क करा, पुढे जा, वेळ उरला तर परत या. आणि रिकामा तर सोडूच नका, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.