मराठी मजकुरासाठी एआय मॉडेल निवडताना या चुका टाळा

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आज जेमिनी, क्लॉड, लामा, सर्वम अशी रांग लागली आहे, आणि दुकानाच्या जाहिरातीपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळा मराठी मजकूर त्यांच्याकडून लिहून घेतला जातो. त्यातला बराचसा वाचवत नाही. दोष बहुतेक वेळा निवडीत असतो: मॉडेल इंग्रजीच्या कसोटीवर निवडलं जातं आणि कामाला जुंपलं जातं मराठीच्या.

क्रमवारी पाहून मॉडेल घेणं

मॉडेलची जाहिरात करताना ज्या चाचण्यांचे आकडे मिरवले जातात, त्यातली एक गाजलेली चाचणी म्हणजे एमएमएलयू. ५७ विषयांवरचे बहुपर्यायी प्रश्न, तेही इंग्रजीत. या परीक्षेत पहिलं आलेलं मॉडेल लग्नाच्या हॉलची मराठी जाहिरात नीट लिहील, असं त्या गुणांवरून मुळीच म्हणता येत नाही.

हिंदी येतं म्हणजे मराठी येणारच, असं धरून चालणं

लिपी एक असल्यामुळे ही चूक फार होते. जुलै २०२४मध्ये आलेल्या लामा ३.१च्या अधिकृत भाषा आठ होत्या. त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. म्हणून असं मॉडेल मराठी लिहीतच नाही असं नाही. लिहितं, पण कसं ते पाहा:

‘पुणेमध्ये राहणाऱ्या ग्राहकांच्यासाठी आमची सेवा उपलब्ध आहे. आपण आपल्या घराचे सफाई आमच्यावर सोडू शकता.’

‘पुणे’चं सामान्यरूप झालेलं नाही. सफाई स्त्रीलिंगी, तरी ‘घराचे’. आणि ‘सोडू शकता’ हे वळण सरळ हिंदीतून आलेलं. मराठी माणूस एवढंच लिहील: ‘पुण्यात राहता? घराची साफसफाई आमच्यावर सोपवा.’ पहिल्या नमुन्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे, म्हणून घाईत वाचणाऱ्याला काही खटकत नाही. ग्राहकाला मात्र हा मजकूर परका वाटतो, आणि का वाटतो ते त्यालाही सांगता येत नाही. तेव्हा मॉडेलच्या माहितीपत्रकात मराठीचं नाव आहे का, हे आधी बघा. बंगळूरुच्या सर्वम कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये आणलेलं सर्वम-१ मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी घडवलेलं आहे. अर्थात ते दोन अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना ठरलेल्या आतल्या आकड्यांचं, छोटं मॉडेल. लांबलचक लेखाची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. यादीत नाव असणं ही फक्त पहिली चाळणी.

एकच प्रश्न विचारून निकाल देणं

‘पावसाळ्यावर निबंध लिही’ असं सांगून पारख होत नाही. तो निबंध सगळ्याच मॉडेलना जमतो. आपल्या रोजच्या कामातले चार-पाच नमुने काढा: एक जाहिरात, एक तक्रारीला उत्तर, एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं काम, एक लांब लेख. तेच सगळ्या मॉडेलना द्या. नावं झाकून उत्तरं अशा माणसाच्या हाती द्या, ज्याची मराठी चांगली आहे आणि ज्याला एआयचं कौतुकही नाही, रागही नाही. त्याला मोठ्याने वाचायला सांगा. जीभ अडते तिथे खूण करायची. शेवटी दुरुस्तीला किती वेळ गेला ते मोजा. माझ्या मते हाच खरा निकष आहे. देखणा मसुदा देणारं मॉडेल दुरुस्तीत अर्धा तास खात असेल, तर साधं लिहिणारं परवडलं.

सगळं खापर मॉडेलवर फोडणं

मॉडेल बदलण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. भाषा सरकारी परिपत्रकासारखी येत असेल, तर ‘सोप्या मराठीत लिही’ एवढ्याने भागत नाही. आपल्याच जुन्या, आवडलेल्या मजकुराचे दोन-तीन परिच्छेद नमुना म्हणून द्या आणि वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, तेही सांगा. लांबलेल्या संभाषणात मॉडेल सूचना विसरू लागलं, तर नवं संभाषण उघडून सूचना पुन्हा द्या. आणि तुम्ही दिलेला मजकूर त्याला कळतच नसेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला आहे का पाहा. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या देवनागरीत, बदलून घ्या. छापखान्यांच्या जुन्या फायलींबाबत हे हमखास होतं.

गोड भाषेला खरी माहिती समजणं

इथे खरोखर जपायला हवं. एखाद्या विषयावर तुकोबांचा अभंग मागा. मॉडेल चार ओळी देईल, शेवटी ‘तुका म्हणे’ही असेल, आणि गाथेत शोधायला गेलात तर त्या ओळी कुठेच सापडणार नाहीत, असं घडू शकतं. शासन निर्णयाचा क्रमांक, योजनेची उत्पन्नमर्यादा, अर्जाची शेवटची तारीख यांचंही तसंच. शेतकरी किंवा विद्यार्थी तो मजकूर वाचून कागदपत्रं गोळा करायला धावतो, म्हणून इथली चूक साधी नाही. मूळ शासन निर्णय स्वतः मिळवा, मॉडेलला द्या, ‘फक्त यातलीच माहिती वापर’ असं बजावा आणि प्रत्येक आकडा मुळाशी ताडून पाहा. मॉडेल कितीही महागडं असलं, तरी हे काम माणसाचंच.

दर इंग्रजीच्या हिशेबाने धरणं

एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून थेट मॉडेल वापरण्याची सोय. ती वापरताना पैसे टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं त्यांवर, लागतात, आणि देवनागरी मजकुराचे टोकन इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त पडतात. किती, हे मॉडेलगणिक बदलतं. मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणताना चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतः दिलेलं उदाहरण बोलकं आहे: तोच मराठी नमुना तुकडे करण्याच्या आधीच्या पद्धतीत ९६ टोकन घेत होता, नव्या पद्धतीत ३३. म्हणजे दरपत्रकात स्वस्त दिसणारं मॉडेल मराठीत महाग पडू शकतं. आपलंच एक पान दोन्हीकडे मोजून बघा. उत्तर मध्येच तुटत असेल, तर टोकनची कमाल मर्यादा इंग्रजीच्या अंदाजाने ठेवली आहे का, तेही तपासा.

एकदा निवडलं की विसरून जाणं

‘काल छान लिहीत होतं, आज बिघडलं’ या तक्रारीमागे अनेकदा साधं कारण असतं. फुकट योजनेत मर्यादा संपली की काही सेवा धाकट्या मॉडेलवर नेतात. कधी कंपनी आवृत्तीच बदलते. म्हणून आधीचे नमुने आणि त्यांची उत्तरं जपून ठेवा. शंका आली की तेच नमुने पुन्हा चालवा आणि शेजारी ठेवून वाचा. एपीआय वापरणाऱ्यांनी तारखेनुसार ठरलेली आवृत्ती निवडावी. ती बंद होण्याची सूचना आली, की त्याच नमुन्यांवर पुढचं मॉडेल पारखायला घ्यावं.